दुसरी सही

पगार जमा झाल्याचा संदेश आला तेव्हा शैलजाचा डावा हात ब्युरेटच्या तोटीवर होता आणि उजव्या हातानं ती फ्लास्क हलकेच गोल फिरवत होती. फोन टेबलावर ठेवून काम करायची तिची पद्धत नव्हती. पण मुलीच्या, मैत्रेयीच्या वसतिगृहाचे सहा महिन्यांचे पैसे दोन तारखेच्या आत भरायचे होते, आज जानेवारीची एक होती, म्हणून फोन समोर होता. पडदा उजळला. तिनं आकडा वाचला, मग पुन्हा वाचला. पंधरा हजार कमी होते. नजर परत आली तोवर फ्लास्कमधलं पाणी निळं झालेलं होतं. पाण्याचा जडपणा मोजताना लालसर रंगाचा निळा होतो तो नेमका थेंब पकडायचा असतो. एकदा निळं झालं की वर एक थेंब पडला की दहा, हे रंग सांगत नाही. तिनं फ्लास्क मोरीत ओतला, तीनदा धुतला आणि नोंदवहीत त्या नमुन्यापुढची जागा कोरी ठेवली. असं तिच्याकडून आधी कधी झालं नव्हतं असं नाही. पण तेव्हा दर वेळी कारण तिला माहीत होतं.

वेतन शाखा त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर होती. मिश्राजी हीटरपुढे हात धरून बसले होते. तिला पाहून ते उठले, आणि ते उठले यावरूनच तिला काहीतरी कळलं. "बैठिए मैडम. मैं खुद ऊपर आने वाला था, सच में," ते म्हणाले आणि त्यांनी तिच्यापुढे एक कागद सरकवला. कोर्टाचा आदेश होता. अंकुर वानखेडे, कर्जदार. शैलजा गोखले, जमानतदार. बँकेच्या बाजूनं निकाल गेल्या वर्षीच लागला होता, एकतर्फी, कारण जमानतदार हजर झाली नव्हती. "नोटिस तो गई थी आपके घर," मिश्राजी म्हणाले. पत्ता तिनं वाचला. जुन्या भाड्याच्या घराचा होता, नवरा सौमित्र वारल्यावर वर्षभरात तिनं सोडलेल्या. तिथं आता कुणीतरी कोचिंग क्लास चालवत होतं, दारावर चिकटवलेला कागद त्यांनी फाडून टाकला असेल. "देखिए, हिसाब सीधा है. महँगाई भत्ता अलग. बचा छियालीस हजार. उसमें पहला एक हजार छोड़ना है. बाकी का दो तिहाई छोड़ना है. जो रहा वो कुर्की. चौबीस महीने. उसके बाद इस केस में आपको कोई छू नहीं सकता." शेवटचं वाक्य ते चांगली बातमी द्यावी तसं म्हणाले. तिनं मनात भागाकार केला, पंचेचाळीस हजारांचा तिसरा हिस्सा जप्त. बरोबर होता. मग तिनं अंकुरच्या आईबद्दल, आपल्या जुन्या सहकारी बाईंबद्दल विचारलं, "और भामा मैडम की पेन्शन?" मिश्राजींनी हात पुन्हा हीटरपुढे धरले. "पेन्शन को कानून हाथ नहीं लगाता, मैडम. वो अच्छी रहीं. टाइम पे निकल लीं."

टाइम पे. जिना चढताना हे दोन शब्द तिच्याबरोबर चढत होते. भामाताई गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये, मुदतीच्या दोन वर्षं आधी निवृत्त झाल्या होत्या. गुडघे साथ देत नाहीत म्हणाल्या होत्या, आणि गुडघे खरंच साथ देत नव्हते. तिलवाऱ्याच्या घाटावर नदीच्या पाण्याचा नमुना घ्यायला उतरताना त्या शेवटी शेवटी तिच्या खांद्यावर हात ठेवायच्या. तो हात तिला आत्ता खांद्यावर जाणवला, त्याच्या वजनासकट. निकाल लागण्याआधी की नंतर? तिनं तारखा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. निवृत्ती मार्चमध्ये, निकाल ऑगस्टमध्ये. यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. हप्ते थकल्याचं बाईला त्याच्या कितीतरी आधी ठाऊक असणार. किंवा नसणारही. अंकुर घरात काय सांगायचा आणि काय नाही, हे कोण सांगणार.

बावीस वर्षं त्या दोघी पाणीतपासणीच्या या खोलीत एकमेकींसमोर बसल्या होत्या. सत्यभामा वानखेडे तिच्याहून आठ वर्षांनी मोठी, अमरावतीकडून लग्न होऊन इथं आलेली, भाषेत ते वळण शेवटपर्यंत तसंच ठेवलेली. शैलजाचं घराणं या हिंदी मुलखात इतक्या पिढ्यांपासून होतं की आपण कुठून आलो हे घरात कुणाला नीट सांगता येत नसे. पहिल्या दिवशी भामाताईंनी तिला विचारलं होतं, "एमेस्सी होऊन इथं काहून आली तू? कॉलेजात शिकवत नाही का?" आणि उत्तराची वाट न पाहता डब्यातला अर्धा झुणका तिच्या झाकणात वाढला होता. इथली रीत अशी होती की प्रत्येक अहवालावर दोन सह्या. तपासणारीची पहिली. दुसरी पडताळणारीची. तिनं आकडे पुन्हा मोजायचे, नोंदवहीशी ताडून पाहायचे आणि मगच सही करायची. भामाताईंचा हात भराभर चालायचा, त्या बहुतेक पहिली सही करायच्या, शैलजा दुसरी. एकदा दशांश चिन्ह एक घर सरकलं म्हणून तिनं सबंध पान परत पाठवलं होतं तेव्हा भामाताई म्हणाल्या होत्या, "तू माझी सासू होय का गं? ती पण एवढं मीठ नव्हती चाखत." आणि पान पुन्हा लिहिलं होतं. अशी पानं कितीतरी. त्यात कडवटपणा कधी आला नाही. भामाताई नवीन मुलींना सांगायच्या, "शैलानं सही केली ना, मग ते पाणी डोळे मिटून प्यायचं."

आणि तो जामिनाचा कागद? तो तिला आठवत होता. हेच वाईट होतं. अजिबात आठवला नसता तर सोपं झालं असतं. सन एकवीसचा एप्रिल, करोनाची दुसरी लाट. सौमित्र बारा तारखेला दाखल झाला आणि सोळाला गेला. त्यानंतरचे तेरा दिवस. चौदाव्या दिवशी ती कामावर आली कारण घरात बसून करायचं काय हे तिला कळत नव्हतं, आणि प्रयोगशाळेत भामाताईंशिवाय कुणी उरलं नव्हतं. दोघं आजारी होते, एक जण गावी अडकला होता. अठरा दिवसांचे अहवाल दुसऱ्या सहीसाठी साचले होते. भामाताई तिच्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या आणि एकेक पान तिच्यापुढे सरकवू लागल्या, डाव्या हाताची दोन बोटं कोपऱ्यावर ठेवून. शैलजानं सह्या केल्या. तिला पानं दिसत नव्हती, फक्त सहीची जागा दिसत होती, टिंबांची एक ओळ, मग पुढची टिंबांची ओळ. मध्येच कागदाचा पोत बदलला. हा जाड होता, गुळगुळीत, त्यावर पेन जरा घसरलं. तेव्हा भामाताईंचा आवाज आला, "हे अंकुरचं आहे, वर्कशॉपचं, तुला बोलली होती ना." आला होता का? आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता, त्यातल्या 'ना'वरच्या हेलकाव्यासकट. पण भामाताईंचे इतके आवाज तिच्या कानात साठलेले होते की त्यातून असं एक वाक्य जुळवणं मनाला अवघड नव्हतं. जे ऐकायला हवं असतं ते नेमकं इतकं स्पष्ट ऐकू येतं, आणि म्हणूनच तिला त्या स्पष्टपणाचा संशय येत होता.

प्रणोतीनं सगळं ऐकून घेतलं तेव्हा ती चहात टोस्ट बुडवत होती. ती मैत्रेयीच्या मैत्रिणीची मोठी बहीण, वकिली सुरू करून चार वर्षं झालेली. मराठी पूर्ण समजायचं, बोलताना मात्र अर्ध्यात हिंदीत घसरायची. "मावशी, केस छान आहे. मतलब तुमच्यासाठी छान. एक तर समन्स जुन्या पत्त्यावर गेला. दूसरा, तुम्ही न वाचता सही केली, ती पण शोक में. तुम्हाला कळलं एक जानेवारीला, तर तीस दिन आहेत. आपण एकतर्फी निकाल रद्द करायला अर्ज लावू, कुर्की पे स्टे मागू. तुम्ही बस शपथपत्रावर साइन करा." शैलजानं विचारलं, "न वाचता, हे लिहायलाच हवं?" "वही तो पूरी जान है, मावशी." मैत्रेयीच्या वॉर्डनबाईंनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. भविष्यनिर्वाह निधी तिच्या प्रवेशाच्या वेळीच रिकामा झाला होता. नागपूरला फिजिओथेरपीचं तिसरं वर्ष, अजून दीड वर्ष बाकी. मैत्रेयी फोनवर म्हणाली होती, "प्रणोतीदीदी करतेय ना, होऊन जाईल, आई. तू टेन्शन नको घेऊ." ती विसाव्या वर्षी आईला धीर द्यायला शिकली होती आणि त्यात तिला फार वेळ लागला नव्हता.

शपथपत्र तीन आठवड्यांनी तयार झालं. हिंदीत होतं. शैलजानं ते घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून वाचलं. 'शपथकर्ता की शोकग्रस्त मनःस्थिति का अनुचित लाभ उठाते हुए, कार्यालयीन प्रतिवेदनों के बीच उक्त दस्तावेज़ रखकर, बिना पढ़े हस्ताक्षर करवाए गए.' वाक्य बरोबर होतं. त्यात एकही गोष्ट खोटी म्हणता येत नव्हती. कार्यालयीन प्रतिवेदनांच्या मध्ये. तिथं तिचं बोट थांबलं. एकाच गठ्ठ्यात, एका हातानं, एका पेननं केलेल्या सह्या. त्यातली एक न वाचता झाली असेल तर बाकीच्या? तिनं प्रणोतीला फोन केला. "त्या गठ्ठ्यात पाण्याचे अहवाल होते. मी हे लिहिलं तर त्यांचं काय?" पलीकडे प्रणोती हसली, वाईट नाही, दमलेलं हसली. "मावशी, कोर्टाला त्या पाण्याशी काय करायचं? चार साल पुराना पानी है. लोक पिऊन मोकळे झाले." शैलजानं फोन ठेवला. लोक पिऊन मोकळे झाले, हे खरंच होतं. त्या अठरा दिवसांत शहराच्या किती भागात किती लोकांनी नळाखाली हंडा धरला असेल, त्यांना तिची सही दिसली नव्हती, आणि अशी सही असतेच या भरवशावर त्यांना ती पाहायची गरज पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जुन्या नोंदवह्यांच्या खोलीत गेली. कुणी सांगितलं नव्हतं. एकवीसची वही खालच्या फळीवर होती, पाठीवर वाळवीची रेघ. एप्रिलचं पान काढून ती तिथंच स्टुलावर बसली. नळाच्या पाण्यात क्लोरिन किती उरलं, याचे रोजचे जागोजागचे आकडे भामाताईंच्या भरभर अक्षरात होते. तिनं एक ते अकरा तारखेपर्यंतची पानं पाहिली. शून्य पूर्णांक दोन, दोन, तीन, दोन, दोन, दोन, एक. कंटाळवाणे आकडे. खरं मोजमाप असंच असतं, तेच ते पुन्हा येतं, सलग तीनतीनदा येतं, त्याला नवेपणाची हौस नसते. मग बारा तारीख. दोन, चार, एक, तीन, पाच, दोन, चार, एक. तेरा, तसंच. चौदा, तसंच. एकही आकडा स्वतःच्या शेजारी बसलेला नव्हता. माणूस आकडे मनानं लिहितो तेव्हा त्याला वाटतं, दोनदा दोन लिहिलं तर कुणाला संशय येईल; म्हणून तो टाळतो, आणि नेमका त्या टाळण्यात सापडतो. हे तिनंच नव्या मुलींना शिकवलं होतं. पाच दिवस. बारा ते सोळा. सतरापासून पुन्हा दोन, दोन, तीन, दोन. सौमित्र गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आकडे पुन्हा खरे झाले होते.

पानाच्या डाव्या रकान्यात तपासणीची वेळ होती. पाचही दिवस अकरा वाजता. त्या खोलीत थंडी होती आणि कुठल्यातरी खिडकीची काच वाऱ्यानं सारखी वाजत होती. बाराला सौमित्रला दाखल करतानाही भामाताई बरोबर होत्या. तेरा एप्रिल, अकरा वाजता. ती दवाखान्याच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभी होती, आत कुणाला सोडत नव्हते, आणि भामाताई तोंडाला दुहेरी ओढणी बांधून डबा घेऊन आल्या होत्या, "खा," म्हणाल्या होत्या, "तो पाहून नाही राहिला तुला, पण तू पडलीस तर त्याला कोण पाहील." चौदा एप्रिल, अकरा वाजता. भामाताई ऑक्सिजनच्या रांगेत, तिच्या जागी. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत. पंधरालाही. सोळाला त्या दोघी एका बाकावर होत्या आणि आतून कुणीतरी नाव पुकारलं होतं. मैत्रेयी ते सगळे दिवस गोहलपुरात भामाताईंच्या घरी होती, अंकुरच्या बायकोकडे. हे सगळं शैलजाला कधी आठवत नव्हतं असं नाही. कृतज्ञतेनं आठवत होतं, अनेकदा, आणि एवढी वर्षं तिनं ते नोंदवहीच्या शेजारी ठेवून एकदाही पाहिलं नव्हतं. त्या पाच दिवसांत प्रयोगशाळेत कुणीच नव्हतं. कुणी असू शकत नव्हतं. आणि त्या पाच पानांना टाचलेल्या अहवालांखाली, भामाताईंच्या सहीच्या उजवीकडे, तिची स्वतःची सही होती, तारखेसह, वळणदार.

त्या पाण्यात काय होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. बहुधा काही वावगं नसेल. बहुधा दोन, दोन, तीनच असेल. पण 'बहुधा' हा शब्द या वहीत कुठं लिहायची सोय नव्हती. तिनं वही मिटली आणि बराच वेळ मांडीवर धरून ठेवली. कुणाला सांगायचं म्हटलं तर भामाताईंची पेन्शन जाईल. कायदा जिला हात लावत नाही ती सरकारी खातं थांबवू शकतं. आणि सांगायचं नाही म्हटलं तर ती बसली होती तिथंच बसलेली राहणार होती, या वहीसकट.

गोहलपुरात ई-रिक्षा ज्या वळणाला सोडते तिथून भामाताईंच्या घरापर्यंत लेथ मशीनच्या आवाजातून जावं लागतं. तीस जानेवारीची दुपार होती, दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. पर्समध्ये शपथपत्र होतं. अंकुरचं वर्कशॉप, लोखंडी फाटकांना रंग भाजून देणारं, बंद होतं, शटरवर दुसऱ्याच कुणाची जाहिरात रंगवलेली. मागच्या दोन खोल्यांत भामाताई जमिनीवर बसल्या होत्या, पाय समोर सरळ लांब करून, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना हिरव्या शेंगांचे ढीग होते.

"कोण? शैला?" त्यांनी डोळे बारीक केले. "ये ना. काहून उभी राहिली दारात पाहुण्यासारखी?"

शैलजा पाटावर बसली. शेंगा फुटल्याचा बारीक आवाज थांबला नाही.

"शहपुऱ्याचा मटार आहे," भामाताई म्हणाल्या. "सेठ पोतं टाकून जाते, दाणे घेऊन जाते. किलोचे सहा रुपये. बसल्या बसल्या होते. चव घे, गोड आहे."

"पेन्शन येते ना, ताई?"

"येते. एका दारानं येते, दुसऱ्या दारानं जाते. बँक तुझ्या मागं लागली, बाकीचे माझ्या मागं. अंकुरनं एकाच जागेहून थोडी घेतले होते." त्यांनी एक पोकळ शेंग बाजूला टाकली. "कुठं आहे विचारू नको. रायपूरला आहे म्हणते. सुनेलाही पत्ता नाही देत. एक तारखेला मिश्राजीनं कळवलं, तेव्हापासून मी रोज तुझी वाट पाहून राहिली. फोन उचलायची, ठेवायची. म्हणलं, ही येईल. शिव्या द्यायला तरी येईल."

शैलजानं पर्समधून कागद काढला. भामाताईंनी हात पदराला पुसले, पण घेतला नाही. "चष्मा तुटला आहे. वाच तू." शैलजानं वाचलं, हिंदीत, एका सुरात, नोंदवही वाचून दाखवायची तसं. 'अनुचित लाभ' आलं तेव्हा भामाताईंनी मान हलवली.

"चांगलं लिहिलं वकिलानं. कर सही. मी येऊन कोर्टात हो म्हणीन. मला काय करतील, आत टाकतील? दोन वेळ जेवण तरी आयतं भेटेल, गुडघ्याला आराम." त्या हसल्या आणि ते हसू चेहऱ्यावर जरा जास्त वेळ तसंच राहिलं.

"तुम्ही मला तेव्हा सांगितलं होतं का?" शैलजानं विचारलं. "अंकुरचं आहे म्हणून. मला तुमचा आवाज आठवतो."

भामाताईंची बोटं थांबली. "नाही," त्या म्हणाल्या. "सांगणार होती. तोंडावर आलं होतं. पण तू मान वरच केली नाही."

"मग सरकवलात."

"सरकवला. काहून सरकवला माहीत आहे का?" त्यांचा आवाज खाली आला. "पहिली पाच पानं त्या पाच दिवसांची होती. मी बाजूला उभी. म्हणलं, आता हिची नजर पडेल. आता म्हणेल, भामाताई, हे काय लिहून ठेवलं. तू एक एक पान पाहिलं आणि सही केली. एक नाही, पाच. मला वाटलं, हिनं ओळखलं. मी कुठं होती ते हिला माहीत आहे, आणि हिनं माझ्यासाठी सही केली. शैलानं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मग अंकुरचा कागद आला तेव्हा म्हणलं, जी एवढं करते तिला काय विचारायचं."

"मी पाहिलं नव्हतं, ताई. मी एकही पान पाहिलं नव्हतं."

"न पाहता?" भामाताईंनी तिच्याकडे असं पाहिलं की शैलजाला आपली नजर वळवावी लागली. "तू? बावीस वर्षांत तू मला एक शून्य नाही सोडलं. तू न पाहता सही करतेस हे मला कसं माहीत असणार, बाई?"

लेथचा आवाज भिंतीतून येत होता. कोपऱ्यात सुनेनं वाळत घातलेले कपडे अजून ओले होते, त्यांचा आणि कच्च्या मटाराचा वास एक झाला होता. चार वर्षं होत आली, शैलजाच्या मनात आलं, ही बाई मनात एक ऋण धरून बसली आहे. कुणीतरी आपल्यासाठी स्वतःचं सगळ्यात मोठं वळण मोडलं, असं धरून. निवृत्तीच्या दिवशी भामाताईंनी तिला मिठी मारून "तू केलंस ते मी विसरणार नाही" म्हटलं होतं आणि तिला वाटलं होतं, निरोपाच्या वेळी माणसं असं काहीही बोलतात. जे तिनं केलंच नव्हतं त्यावर ही मैत्री उभी होती. किंवा जे भामाताईंनी केलं होतं त्यावर, रांगेत, कडुनिंबाखाली. दोन्ही एकाच गठ्ठ्यात होतं आणि त्यातलं एक पान काढून कोर्टात देता येत नव्हतं; एक उपसलं की बाकीचीही बाहेर येणार होती.

"सही कर, शैला," भामाताई म्हणाल्या, आता न हसता. "पोरीचं शिक्षण आहे. मी तुला सांगून राहिली ना. मनात काही ठेवू नको."

"पाहते," शैलजा म्हणाली आणि उठली. दाराबाहेर येऊन तिनं चपला घातल्या. मागं शेंगा फुटायचा आवाज पुन्हा सुरू झाला नव्हता.

वळणावर उभं राहून तिनं प्रणोतीला फोन लावला. "शपथपत्र नको. अर्ज लावायचा नाही." "मावशी! कल आखरी दिन आहे. काय झालं?" "मी वाचून सही केली होती." "पण तुम्हीच तर म्हणाल्या..." "चुकीचं सांगितलं होतं मी. वाचून केली होती." प्रणोती वकिलाच्या आवाजात म्हणाली, "तो फिर कुछ नहीं बनता," आणि मग भाचीच्या नात्यानं म्हणाली, "घरी जा, थंडी आहे."

मैत्रेयीनं दुसऱ्या घंटेला फोन उचलला. मागं मुलींचा गोंगाट होता, ती बाहेर आली असावी, मग शांत झालं. शैलजानं सांगितलं. पगारातून चोवीस महिने पैसे जातील. वॉर्डनबाईंना उद्या नाही म्हणून कळवावं लागेल.

"पण केस तर सोपी होती ना? तू न वाचता सही केली होतीस."

"नाही. वाचली होती."

"म्हणजे तुला माहीत होतं? पैसे आपल्याला भरावे लागतील, हे?"

"हो."

"आणि मला आज सांगतेस." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "बाबा जाऊन पंधरा दिवस नव्हते झाले, आई. तेव्हा तू बसून, वाचून, दुसऱ्याच्या मुलासाठी सही केलीस."

शैलजाला वाटलं, आता ती म्हणेल, खोटं बोलतेस. आता विचारेल, त्या दिवसांत तू स्वतःचं नाव तरी वाचू शकत होतीस का? तेव्हा मी सोळा वर्षांची होते, मी पाहिलं होतं तुला. ती फोन कानाला घट्ट धरून वाट पाहत राहिली. तिला कळलं की आपण मनापासून वाट पाहत आहोत. एक प्रश्न आला असता तर तिनं सगळं सांगून टाकलं असतं. ई-रिक्षावाला ओरडत होता, "रद्दी चौकी, रद्दी चौकी, एक सवारी." पण मैत्रेयी त्याच आईची मुलगी होती, जी दुधाच्या पिशवीवरची तारीखही दोनदा वाचते आणि जिनं घरात आजवर एकही गोष्ट वाढवून किंवा कमी करून सांगितली नव्हती. तिला शंका आलीच नाही.

"ठीक आहे," मैत्रेयी म्हणाली. "मग खोली सोडते मी." आणि मग, अगदी सभ्यपणे, परक्या बाईशी बोलावं तसं, "ठेवू का?"

"ठेव," शैलजा म्हणाली.